अँटीव्हायरस आम्हीच बंद केला होता

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरासाठी आणि छोट्या व्यवसायासाठी कोणता अँटीव्हायरस घ्यावा, याचा तक्ता आपण छापलात. किती मशीन, किती वर्षं, किती रुपये. तक्ता नीट आहे. आमच्याकडे कंपोझिंगला आला असता तर रकाने जरा सैल सोडले असते, एवढंच. पण त्यात एक रकाना राहिलाय आणि माझ्या मते तोच पहिला हवा होता. हा अँटीव्हायरस बंद करायचा अधिकार कोणाकडे आहे?

सांगलीत आमचा छोटा छापखाना आहे. सासऱ्यांनी ट्रेडल आणि शिशाच्या खिळ्यांवर सुरू केला, आता मागे मिनी ऑफसेट आहे आणि पुढच्या खोलीत तीन कॉम्प्युटर. मशीन यांच्याकडे, डीटीपी आणि हिशेब माझ्याकडे. हाताखाली एक ऑपरेटर पोरगा. लग्नपत्रिका, बिलबुकं, शाळांची ओळखपत्रं, गणपतीत मंडळांच्या पावत्या. दिवसभरात दहा-बारा जण पेनड्राइव्ह घेऊन येतात, आणि ते पेनड्राइव्ह आधी कुठे कुठे फिरून आलेत हे त्यांनाही सांगता येत नाही.

गोष्ट नोव्हेंबर २०२२ मधली. तुळशीची लग्नं लागली की आमच्याकडे पत्रिकांची रांग लागते. एका गिऱ्हाइकानं पुण्याहून डिझाइन करून आणलं होतं, कोरल या डिझाइनच्या प्रोग्रॅमच्या नव्या व्हर्जनमध्ये. आमच्या जुन्या व्हर्जनला ती फाइल उघडेना. आमचं कोरल विकत घेतलेलं नव्हतं, हे इथे कबूल करते. (म्हणूनच शेवटी नाव न छापण्याची विनंती केली आहे. पण शहरातल्या किती छापखान्यांत ते विकत घेतलेलं आहे, हे माझे व्यवसायबंधू मनातल्या मनात मोजतीलच.)

पोरानं यूट्यूबवर नव्या व्हर्जनचा क्रॅक (पैसे न भरता चालवायची चोरटी प्रत) शोधला. व्हिडिओखाली लिंक, लिंकवर झिप फाइल, आणि झिपला पासवर्ड, १२३४. मला तेव्हा कळलं नाही की फुकट वाटायच्या वस्तूला कुलूप कशाला. आता कळतं. कुलूप लावलेल्या झिपच्या आत अँटीव्हायरसला डोकावता येत नाही. सोबत एक सूचनांची चिठ्ठी होती, आणि तिची पहिली ओळ, ‘आधी अँटीव्हायरस बंद करा.’

आमच्याकडे अँटीव्हायरस होता. पैसे भरलेला, मुदत शिल्लक असलेला, कोपऱ्यात हिरवी खूण दाखवणारा. पोरानं त्याच्यावर उजवी टिचकी मारली आणि ‘मशीन पुन्हा सुरू होईपर्यंत बंद’ हा पर्याय निवडला. पासवर्ड विचारला गेला नाही, कारण आम्ही तो कधी ठेवलाच नव्हता. दोन मिनिटांत पडद्यावर विंडोज अपडेटची खिडकी आली.

“वहिनी, अपडेट लागलंय, तवर च्या पिऊन येतो,” म्हणून तो गेला.

ते अपडेट नव्हतंच. तशी खोटी खिडकी दाखवून मागे त्या क्रॅकमधून आलेला व्हायरस फाइलींना टाळं ठोकत असतो. मी शेजारच्या मशीनवर बिलबुकाचं मॅटर लावत होते. ज्या डी ड्राइव्हमधून बिलबुकाची फाइल उघडली होती, तो ड्राइव्ह पोराच्या मशीनवरचा, सगळ्यांना खुला ठेवलेला. बघता बघता कोरलच्या फाइलींची चित्रं पांढरी पडायला लागली. आधी वाटलं कोरल उडालं. मग नावं वाचली. प्रत्येक नावाला चार अक्षरांची नवी शेपटी. फोल्डरच्या तळाशी ‘रीडमी’ नावाची एक टेक्स्ट फाइल, जी मी केलेली नव्हती. त्यात इंग्रजीत लिहिलं होतं की तुमच्या फाइली परत हव्या असतील तर ९८० डॉलर, आणि ७२ तासांच्या आत संपर्क साधलात तर निम्मे, ४९०. नमुन्यादाखल एक फाइल फुकट सोडवून देण्याची सोयही होती. आम्ही पत्रिकेचं एक प्रूफ फुकट देतो ना, तसं.

मी मशीनं एकमेकांना जोडणारी लॅनची वायर उपटली. उशीर झाला होता.

बॅकअप नव्हता का, असं प्रत्येक जण विचारतो. होता. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली तेव्हा दुकानात टेबलावर पाणी होतं. त्यानंतर पहिलं काम केलं ते एक्स्टर्नल हार्डडिस्क घेण्याचं. पाणी पुन्हा चढलं तरी भिजू नये म्हणून ती माळ्यावर ठेवली आणि लांब केबलनं कायमची पोराच्या मशीनला जोडून टाकली. रोज संध्याकाळी कॉपी. मला त्या डिस्कचा फार अभिमान होता. त्या दिवशी माळ्यावर चढून ती खाली आणली, माझ्या लॅपटॉपला लावली, तर तिच्यावरही तीच शेपटी. व्हायरसला ती माळ्यावर आहे की टेबलावर, याचं काय? त्याला एक जोडलेला ड्राइव्ह दिसला. विंडोज स्वतःहून ज्या जुन्या प्रती ठेवतं, त्याही त्यानं आधीच पुसलेल्या होत्या.

पुढचे दोन दिवस शोधाशोधीत गेले. त्या मशीनवरून अँटीव्हायरस कंपन्यांची संकेतस्थळं उघडेनात. नेट गेलंय म्हणावं तर बाकी सगळं चालू. पुण्यात असलेल्या भाच्यानं फोनवरून सांगितलं, “मावशी, होस्ट्स नावाची फाइल बघ.” त्यात व्हायरसनं मदत मिळेल अशा साइटांची नावं घालून वाटा बंद केल्या होत्या. भाच्यानंच व्हायरसचं नाव काढलं, स्टॉप डेजाव्हू. क्रॅकमधून पसरणाऱ्यांतला हा अगदी नेहमीचा. ‘नो मोअर रॅन्सम’ म्हणून एक उपक्रम आहे, २०१६ मध्ये नेदरलँड्सचे पोलीस, युरोपोल आणि दोन अँटीव्हायरस कंपन्यांनी मिळून सुरू केलेला. तिथे अशा टाळ्यांच्या किल्ल्या फुकट मिळतात. आमच्या व्हायरसचीही होती, पण फक्त ज्यांच्या मशीनला त्या वेळी चोराच्या सर्व्हरशी बोलता आलं नव्हतं त्यांच्यासाठी. अशा लोकांच्या ‘रीडमी’तल्या क्रमांकाच्या शेवटी ‘टी-वन’ असतं. आमच्या क्रमांकाच्या शेवटी ते नव्हतं. आमचं नेट त्या दिवशी नेमकं छान चालत होतं.

पैसे दिले नाहीत. एक डेटा रिकव्हरीवाला ‘हमखास’ म्हणत होता. पण असे काही जण मागच्या दारानं चोरालाच पैसे देऊन किल्ली आणतात आणि वर आपला हात मारतात, हे भाच्यानं सांगितल्यावर तोही नाद सोडला. काम परत आलं ते भलत्याच ठिकाणाहून. आमच्या छपाईच्या प्लेटा कॉम्प्युटरवरून जिथे निघतात त्या सीटीपीवाल्याकडे आम्ही पाठवलेल्या पीडीएफ पडून होत्या. गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सॲपवर प्रूफं होती. त्यातून निम्म्याहून जास्त बिलबुकं उभी राहिली. अकरा वर्षांच्या पत्रिकांचे नमुने गेले ते गेलेच.

फाइलींपेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त लागली. हा व्हायरस येताना बऱ्याचदा पासवर्ड चोरणारा सोबती घेऊन येतो. ब्राउझरमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड त्याच्या हाती गेले असं धरूनच मी मोबाइलवरून, त्या मशीनला हात न लावता, मेल, बँक, जीएसटी सगळे बदलले. आणि त्या मशीनवर दोन शाळांच्या ओळखपत्रांच्या एक्सेल होत्या. मुलांची नावं, रक्तगट, घरचे पत्ते, आईवडिलांचे नंबर. मी स्वतः जाऊन मुख्याध्यापकांना सांगितलं. ते चिडले नाहीत. फक्त विचारलं, “मॅडम, हे कुठं गेलं असंल का?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. वैयक्तिक डेटाचा कायदा २०२३ मध्ये झाला, दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. आमच्यासारख्यांना तो आकडा वाचून हसू येतं. पण त्या खुर्चीत बसून उत्तर नसणं, याला दंड लागत नाही तरी ते लक्षात राहतं. आता ओळखपत्रं छापून दिली की एक्सेल पुसते आणि शाळेकडून तसं लिहून घेते.

आता आपल्या तक्त्याकडे येते.

घरातल्या एका-दोन कॉम्प्युटरना विकतचा अँटीव्हायरस हवाच, असं माझं मत राहिलेलं नाही. विंडोजमध्ये डिफेंडर हा मायक्रोसॉफ्टचाच अँटीव्हायरस आधीपासून असतो. जर्मनीतली एव्ही-टेस्ट ही संस्था अँटीव्हायरसांना तीन विषयांत प्रत्येकी ६, असे १८ पैकी गुण देते. त्यात हा फुकटचा डिफेंडर गेली काही वर्षं विकतच्यांच्या बरोबरीनं वरच्या रांगेत असतो. फुकटातल्या सगळ्यांनाच मात्र हे लागू नाही. अव्हास्ट या प्रसिद्ध कंपनीला, लोकांची ब्राउझिंगची माहिती विकल्याबद्दल अमेरिकेच्या व्यापार आयोगानं फेब्रुवारी २०२४ मध्ये १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. राखणदारच घरातलं बोलणं बाहेर विकत होता.

डिफेंडरमध्ये ‘रॅन्समवेअर प्रोटेक्शन’, म्हणजे खंडणी मागणाऱ्या व्हायरसपासून बचाव, या नावाखाली एक सोय आहे. ठरवलेल्या फोल्डरमध्ये अनोळखी प्रोग्रॅमला लिहू न देणारी. ती मुळात बंद असते, आपण चालू करावी लागते. मी चालू केली त्या दिवशी कोरलनंच पत्रिका सेव्ह करायला नकार दिला, कारण कोरलही तिच्या लेखी अनोळखीच. त्याला परवानगी दिल्यावर सुरळीत झालं. या पाच मिनिटांच्या त्रासाला कंटाळून बरेच लोक ती पुन्हा बंद करतात. आणखी एक, दुसरा अँटीव्हायरस टाकला की डिफेंडर बाजूला होतो आणि ही सोयही त्याच्याबरोबर जाते. दोन-दोन टाकून दुप्पट राखण होत नाही.

आमच्यासारख्या तीन ते दहा मशीनच्या धंद्याला मात्र विकतचा घ्यावा, पण दुकानातला एक-एक खोका तीनदा नव्हे. घ्यायचा तो एका जागेवरून सगळी मशीनं दिसतील असा. कोणत्या मशीनवर तो बंद आहे, कुठे आठवड्यात अपडेट झालेला नाही, हे मला माझ्या खुर्चीतून दिसायला हवं, आणि बंद करायला पासवर्ड हवा. आपल्या पुण्याच्या क्विक हीलचा धंद्यासाठीचा सेक्राइट आहे, मायक्रोसॉफ्टचा ३०० माणसांपर्यंतच्या धंद्यांसाठीचा डिफेंडर आहे, इतरही आहेत. क्विक हीलबद्दल मला आपुलकी आहे, का नसावी? रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करत होते, धाकट्या भावानं व्हायरस काढायचा प्रोग्रॅम लिहिला, त्यातून कंपनी उभी राहिली. सातारा-सांगलीकडच्या माणसाला हे सांगताना बरं वाटतं. पण आपुलकीवर राखणदार नेमू नये. महिनाभर फुकट वापरायला मिळतो तेवढ्यात बघून घ्यावं की आपल्या जुन्या मशीनवर पत्रिकेची पीडीएफ निघायला किती वेळ लागतो आणि मदतीचा नंबर कोणी उचलतं का. विकणाऱ्या दुकानदारावर मात्र विसंबू नये. आमचा कॉम्प्युटरवाला दर वर्षी वेगळा खोका सुचवायचा, आणि त्या वर्षी कोणत्या खोक्यावर त्याला जास्त सुटतंय ते मला उशिरा कळलं.

आणि एवढं सगळं करूनही पोराचं खातं ॲडमिनचं, म्हणजे सगळे अधिकार असलेलं, असेल तर व्यर्थ. हा खर्च शून्य रुपयांचा आहे. विंडोजमध्ये त्याच्यासाठी साधं खातं उघडलं, ॲडमिनचा पासवर्ड माझ्या वहीत. आता काही नवं टाकायचं किंवा डिफेंडर बंद करायचा म्हटलं की पडदा पासवर्ड मागतो आणि पोरगा मला हाक मारतो. सुरुवातीला दिवसातून पाचदा मारायचा, आता महिन्यातून एकदा.

अपडेटबद्दलही बोलायला हवं. आम्ही विंडोजचे अपडेट बंद ठेवायचो, नेट खातात म्हणून आणि नेमकं प्लेट पाठवताना मशीन बंद-चालू करतात म्हणून. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय या व्हायरसनं विंडोजमधल्या एका भोकातून शिरून जगभर कॉम्प्युटर बंद पाडले. त्या भोकाची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिली होती. दोन महिने लोक ‘नंतर’ दाबत राहिले. आता विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. घरगुती वापरासाठी आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत दुरुस्त्या मिळतात, पण नोंदणी केली तरच. त्यानंतर वरून कितीही महाग अँटीव्हायरस टाका, छप्पर गळतंय आणि आपण दाराला नवं कुलूप लावतोय. आमच्या एका मशीनवर अजून विंडोज ७ आहे, कारण जुन्या मराठी फॉन्टचा डोंगल (मशीनला लावायची परवान्याची किल्ली) दुसरीकडे चालत नाही. त्याची नेटची वायर काढून टाकली आहे. ते मशीन आता पूर्वीच्या टाइपरायटरसारखं एकटं बसलेलं असतं.

नेटवर्कच्या सुरक्षेवर आपल्या तक्त्यात एकच ओळ होती, ‘फायरवॉल असलेला निवडा.’ फायरवॉल म्हणजे नेटवरून आत-बाहेर करणाऱ्यांवरचा पहारा, ती विंडोजला असतेच. घरात आणि दुकानात खरी वेस म्हणजे नेटवाल्यानं भिंतीवर ठोकून दिलेला डबा, म्हणजे राउटर. त्याचा वायफायचा पासवर्ड आपण बदलतो, पण आत शिरायचा ‘ॲडमिन’ पासवर्ड कंपनीतून आला तसाच राहतो. आमचाही ‘ॲडमिन-ॲडमिन’च होता. २०१६ मध्ये मिराई नावाचा व्हायरस असल्याच फॅक्टरी पासवर्डवर पसरला, आणि त्यानं पकडले ते कॉम्प्युटर नव्हते, राउटर आणि सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारे डीव्हीआर होते. कॅमेरा बसवणारा मोबाइलवर दुकान दिसावं म्हणून डीव्हीआर थेट नेटवर उघडून देतो आणि हात झटकून जातो. तसंच हिशेबवाला घरून टॅली बघता यावी म्हणून रिमोट डेस्कटॉपची, म्हणजे लांबून मशीन चालवायची, वाट उघडी ठेवून जातो. गिऱ्हाइकांना आमच्याकडे आता वेगळं, पाहुण्यांचं वायफाय आहे, त्यातून आमची मशीनं दिसत नाहीत. हे बहुतेक डब्यांत असतं, फक्त चालू करायचं असतं.

मुदतवाढीबद्दल एक. पहिल्या वर्षी स्वस्त आणि दुसऱ्या वर्षी कार्डावरून आपोआप पूर्ण रक्कम, ही अनेक कंपन्यांची रीत आहे. १५ हजारांच्या आतली अशी वजावट ओटीपीशिवाय होते. बँकेनं २४ तास आधी कळवणं बंधनकारक आहे, पण तो मेसेज वाचतो कोण? आणि ‘तुमचा अँटीव्हायरस संपला, कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस’ असं कोपऱ्यात लाल रंगात येतं, ते बहुतेक वेळा ब्राउझरमधल्या कुठल्यातरी साइटला आपणच ‘अलाउ’ म्हटल्याचं फळ असतं. आमच्या शेजारच्या काकांनी त्यातल्या नंबरवर फोन केला होता. सुदैवानं बँकेचं पुस्तक सापडेना म्हणून वाचले.

राखणदारही कधी घर पाडतो, हे १९ जुलै २०२४ ला सगळ्यांनी पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटनं मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख कॉम्प्युटर निळे पडले आणि विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. (त्यांचे फोटो पाहून आमच्या मशीनमनला गुदगुल्या झाल्या होत्या.) म्हणून बॅकअप. आता दोन डिस्क आहेत. एक सोमवारी जोडते, कॉपी झाली की काढून कपाटात. दुसरी विश्रामबागला बहिणीकडे, महिन्यातून एकदा अदलाबदल. तिच्याकडे पाणी येत नाही.

कोरलचा एक परवाना घेतला. पैसे टोचले. बाकीच्या दोन मशीनवर साधी कामं इंकस्केपमध्ये होतात, ते फुकट आहे आणि कायदेशीरही. सीटीपीवाल्याला शेवटी पीडीएफच लागते.

परवा पुन्हा एक गिऱ्हाईक पुढच्या व्हर्जनची फाइल घेऊन आलं. आमचं घेतलेलं व्हर्जनही आता जुनं झालंय. पोरानं माझ्याकडे पाहिलं. मी गिऱ्हाइकाला म्हटलं, तुमच्या डिझायनरला फोन लावा, जुन्या व्हर्जनमध्ये सेव्ह करून पाठवायला सांगा. चार मिनिटांत फाइल आली.

आपली एक वाचक,
सांगली
(कृपया नाव छापू नये.)